धुराडं झाडायचा गुरुवार

आमच्या घरात महिन्यातला दुसरा गुरुवार हा धुराडं झाडायचा दिवस असे. बुधवारी संध्याकाळी अण्णा रंगखान्यातल्या दोन्ही कढयांखालचा जाळ ओढून बाहेर काढायचे, निखाऱ्यांवर पाणी मारायचे, आणि मग घरात एक वेगळीच शांतता पसरायची. एरवी आठवडाभर त्या कढयांचा आवाज आमच्या झोपेतसुद्धा असायचा. पाणी उकळताना होणारी गुरगुर, सुताच्या लडी काठ्यांवरून फिरवताना होणारी चपचप, खाली लाकूड तडकल्याचा मधूनच एखादा फटाका. हे सगळं थांबलं की आईला चुकल्यासारखं व्हायचं. "आज घर कसं मुकं झाल्यावानी वाटतंय," असं ती दर महिन्याला न चुकता म्हणायची.

रंगखाना म्हणजे फार मोठा कारखाना नव्हे. घराच्या मागं पत्र्याची शेड, त्यात दोन लोखंडी कढया, चार हौद, आणि पलीकडं अंगणात बांबूंवर वाळत घातलेल्या लडी. आसपासचे मागवाले चादरींसाठी सूत आणून टाकायचे आणि अण्णा ते रंगवून द्यायचे. पक्का काळा, मोरपंखी, किरमिजी. किरमिजी रंगासाठी तर लांबून लोक यायचे. अण्णांचं सगळं काम उजव्या हातावर चालायचं. थर्मामीटर नावाची वस्तू त्यांनी कधी वापरली नाही. कढईवरच्या वाफेत हात धरायचा, दोन बोटांवर थेंब घ्यायचा, चोळायचा, आणि "अजून एक चिपाड टाक" किंवा "बस, आता सूत सोड" असं सांगायचं. लड पिळतानाही त्यांना हातालाच कळायचं की रंग आतपर्यंत गेला की वरवर बसलाय. आई म्हणायची, ह्यांचे डोळे तळहाताला हायत.

दोन्ही कढयांखालचा धूर जमिनीतल्या एका बोगद्यातून जायचा आणि घराच्या मागच्या भिंतीला चिकटून बांधलेल्या विटांच्या धुराड्यातून वर निघायचा. माळवदाच्या, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपराच्या, वर ते दोन पुरुष उंच होतं. ते बांधलं होतं चाँदचाचांनी. चाँदचाचा गवंडी होते. अण्णांच्याच वयाचे, बारीक, उंच, डोक्याला कायम चौकड्याचा रुमाल. धुराडं बांधलं तेव्हापासून ते झाडायचं कामही त्यांनी स्वतःकडं ठेवलं होतं. दुसरा कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. गुरुवारी सकाळी ते यायचे, आधी भिंतीला कान लावायचे, बोटाच्या पेरानं विटांवर टकटक करायचे, मग माळवदावर चढून वरून साखळी सोडायचे. साखळीच्या टोकाला काथ्या आणि तारा गुंडाळलेला एक गोळा असायचा. तो खालीवर ओढला की आतून काजळीचा पाऊस पडायचा. खालच्या छोट्या लोखंडी दारातून ती काजळी पाट्यांनी काढायची. त्या दिवशी अंगणात, न्हाणीत, तुळशीवर, दोरीवरच्या लुगड्यावर, सगळीकडं काळं. आई जेवणाची भांडी घरात नेऊन झाकून ठेवायची आणि चाँदचाचांसाठी मात्र बाहेर अंगणातच पान मांडायची. कडक भाकरी, शेंगाची चटणी, हुलग्याचं माडगं. अण्णाही त्यांच्या शेजारी तिथंच बसायचे. दोघांचे हात कितीही धुतले तरी काळेच, आणि दोघं एकाच परातीतल्या भाकऱ्या मोडून खायचे. वीस वर्षांची दोस्ती होती ती.

पूर्वी दोन-तीन महिन्यांतून एकदा झाडलं तरी चालायचं. दुष्काळानंतर ते बदललं. दुष्काळात वाळलेली झाडं लोकांनी तोडून जाळून संपवली होती. नंतर दोन वर्षं चांगली गेली, पण वखारीत यायला लागलं ते नुसतं ओलं बाभूळ. कुऱ्हाड मारली की आतून हिरवट, टोकाला जाळ लावला की दुसऱ्या टोकाला फेस. धूर पिवळा आणि जड. त्यात अण्णांनी लाकूड पुरवून वापरायचं म्हणून हवेची झडप अर्धी मिटून जाळ दबका ठेवायला सुरुवात केली. चाँदचाचांना ते बिलकूल आवडलं नव्हतं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, कॉलेजच्या पहिल्या वर्षात. एका गुरुवारी त्यांनी मला धुराड्याच्या त्या खालच्या दारापाशी बोलावलं.

"बेटी, इधर ये. हे बघ." त्यांच्या हातात विटेवरून खरडलेला एक तुकडा होता, काळा, काचेसारखा चकचकीत. "काजळी दोन तऱ्हेची असते. एक भुकटी. ती फुंकर मारली तरी उडते. दुसरी ही. ही काजळी न्हाई, हे डांबर. ओल्या लाकडाचा धूर वर जाता जाता थंड होतो आनि हितं चिकटतो. थर बसला की गोळ्यानं निघत न्हाई, छिन्नी लागते. आनि याला एकदा आग लागली ना…"

"मग काय होतं?"

"मग धुराडंच जळतं. खाली न्हाई, वर. रेलगाडीवानी आवाज येतो."

मी तो तुकडा हातात घेतला होता. त्याला रस्त्यावरच्या डांबराचा वास येत होता. पुढचं सगळं लिहिताना हे लिहिणं मला भाग आहे, की मला माहीत होतं. नकळत झालं, पोरवयात झालं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण मला समजावून सांगितलेलं होतं, आणि मी हुशार मुलगी म्हणून ओळखली जात होते.

कॉलेजात माझं आणखी एक नाव होतं. रंगपंचमी. शाळेपासून मी सुट्टीच्या दिवशी लडी पिळायला बसायची, त्यामुळं नखांच्या कडा कायम निळ्या-लाल असायच्या. शाळेत कुणाला त्याचं काही वाटत नसे, तिथं निम्म्या मुलींची घरं मागाचीच होती. कॉलेजात तसं नव्हतं. तिथं स्टेशनकडच्या बंगल्यांतून येणाऱ्या मुली होत्या. मी वही लिहिताना डावा हात ओढणीखाली ठेवायची. लिंबानं घासायची, राखेनं घासायची, एकदा तर वाळूनं घासून रक्त काढलं. त्या मुलींमध्ये एक नलिनी होती. डॉक्टरांची मुलगी, उंच, शांत, फार छान वाचायची. का कोण जाणे, तिला माझ्याशी बोलायला आवडायचं. डिसेंबरात एकदा ती सहज म्हणाली, "गुरुवारी दोन तास रिकामे आहेत, तुझ्या घरी येऊ का ग? तुझ्या आईच्या हातचे धपाटे खायचेत." मी हो म्हणून बसले, आणि घरी येईपर्यंत मला आठवलं की तो गुरुवार कुठला आहे.

दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. नलिनी पांढऱ्या कपड्यांत दारातून आत येते, अंगणात काजळीचा ढीग आहे, माळवदावर एक काळाठिक्कर माणूस साखळी ओढतोय, आणि अण्णा उघड्या अंगानं पाट्या वाहतायत. अण्णांना सांगून दिवस बदलून घेता आला असता. पण त्यासाठी कारण सांगावं लागलं असतं, आणि "मला तुमची लाज वाटते" हे मी कुठल्या शब्दांत सांगणार होते?

त्या गुरुवारी अण्णा सकाळी लवकरच रंग आणायला नव्या पेठेत गेले. कढया थंड झालेल्याच होत्या, कामाची माणसं सुट्टीवर. "चाँद आला की काम सुरू करू दे, मी येतो बाराच्या आत," असं सांगून गेले. आई स्वयंपाकघरात उखळात शेंगदाणे कुटत होती. धप, धप, धप. त्या आवाजात दारावरची हाक तिला ऐकू येणं शक्यच नव्हतं. मीच दारात गेले. चाँदचाचा सायकल भिंतीला लावत होते. साखळीचं पोतं कॅरियरला बांधलेलं.

मी म्हटलं, "चाचा, अण्णांनी सांगितलंय, आज नको. संक्रांत झाल्यावर या."

त्यांनी वर धुराड्याकडं पाहिलं. "पन भट्टी तर थंड दिसती की. धूर न्हाई."

"लाकूड संपलंय. दुपारी गाडी येणार आहे, आली की लगेच पेटवायचंय. संक्रांतीच्या आधी लई सूत द्यायचंय."

"अण्णा बोलले असं?"

"हो."

"संक्रांतीला म्हैना हाय, बेटी. इतका टाइम ठीक न्हाई." मग रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं. "बरं. अण्णांना सांग, झडप पूर्ण उघडी ठेवा. जाळ मोठा लावा, दबका नक्को. आनि मी अक्कलकोटकडं एक काम घेतो मग. संक्रांतीच्या आदी येतो." सायकल वळवून ते गेले. पोत्यातली साखळी खड्ड्याखड्ड्याला वाजत होती, ती गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आली.

नलिनी आली ती साडेअकराला. अंगण मी पाणी मारून आरशासारखं केलं होतं. तिनं तीन धपाटे खाल्ले, दही मागून घेतलं, आईच्या उखळाशी बसून चटणी कुटून पाहिली. आणि मग म्हणाली, "आता मला रंग दाखव." मी टाळायला पाहिलं. ती उठून शेडमध्ये गेलीच. थंड कढईत उरलेल्या किरमिजी पाण्यात तिनं कोपरापर्यंत हात घातला आणि लहान मुलीसारखी हसली. तेवढ्यात अण्णा आले. अण्णांनी तिला कुठला रंग कसा चढतो ते सगळं सांगितलं, एक मोरपंखी लड तिच्या हातात दिली, आणि ती अर्धा तास त्यांना प्रश्न विचारत राहिली. धुराड्याकडं बोट करून म्हणाली, "हे साफ कोण करतं?" अण्णा म्हणाले, "आमचा चाँद करतो. आज यायचा हुता, अजून आला न्हाई. न्हाईतर तुला ती गंमतबी बघाया मिळाली असती." "अरेरे," ती म्हणाली. खरंच तिला वाईट वाटलं होतं.

ज्यासाठी मी हे केलं त्याची गरजच नव्हती, हे मला त्याच दिवशी दुपारी एक वाजता कळलं. तेव्हाही उशीर झालेला नव्हता. नलिनी गेल्यावर अण्णांनी विचारलं, "विमल, चाँद येऊन गेला का ग? मी नसताना?" मी म्हटलं, "नाही." एवढंच. एक शब्द. दुसरा कुठलाही शब्द मी बोलले असते तर अण्णा सायकल काढून त्यांना परत घेऊन आले असते.

शुक्रवारी सकाळी कढया पुन्हा पेटल्या. चाँदचाचांचा निरोप मी दिला नाही, कारण तो दिला असता तर ते येऊन गेल्याचं उघड झालं असतं. त्यामुळं झडप अर्धीच राहिली. आठवड्यानं अण्णांनी माणूस पाठवला, तर चाँदचाचा अक्कलकोटकडं गेल्याचं कळलं. अण्णांच्या मनाला ते फार लागलं. "मला न सांगता गेला व्हय? वीस वर्सांत असं केलं न्हाई कधी." आई म्हणाली, "दुसरा कुणीतरी बघा की." अण्णा म्हणाले, "त्याचं धुराडं हाय ते. त्याला येऊ दे." त्या म्हणण्यात राग होता की माया, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

पौषातली थंडी वाढली. धूर वर जाईनासा झाला आणि उलटा शेडमध्ये यायला लागला. आईला खोकला लागला. घराच्या मागच्या भिंतीवर, माळवदाच्या तुळईच्या जरा खाली, विटांच्या सांध्यातून काळे ओघळ यायला लागले. मी त्यांच्यावरून बोट फिरवलं. चिकट, चकचकीत, रस्त्याच्या वासाचं. मी हात धुतले आणि कॉलेजला गेले. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. रोज संध्याकाळी एक दिवस आणखी झालेला असायचा, आणि जितके दिवस जास्त तितकं सांगणं अवघड.

भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमाराला मी न्हाणीत होते. आधी वाटलं, मालगाडी जातेय. मग ध्यानात आलं की रूळ आमच्या घरापासून लांब आहेत, आणि हा आवाज भिंतीतून येतोय. भिंतीला हात लावला तर पोळला. बाहेर आले तेव्हा शेजारपाजारचे अंगणात गोळा झालेले होते आणि वर पाहत होते. धुराड्याच्या तोंडातून पुरुषभर उंच ज्वाळ निघत होती, सरळ, पिवळीजर्द, आणि जळते कपटे वाऱ्यावर उडून लडींवर पडत होते. आई आणि कामाच्या बायका बांबूंवरून लडी ओढून काढत होत्या. कुणीतरी ओरडलं, "पाणी! पाणी!" माणसांची रांग लागली. हौदातून बादल्या भरून शिडीवरून माळवदावर जायला लागल्या. अण्णा वर होते. धुराड्याच्या कमरेला बाहेर आलेल्या विटांवर पाय देऊन ते टोकाच्या खाली पोचले होते.

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी सायकल आडवी टाकून चाँदचाचा धावत आले. ते कालच अक्कलकोटहून परतले होते आणि झाडायला कधी येऊ हे विचारायला निघाले होते. लांबूनच त्यांनी ज्वाळ पाहिली होती. "पानी नक्को!" ते ओरडत होते. "अण्णा, पानी नक्को! वरनं पानी मारू नक्को! फुटंल ते!" पण त्या गडगडाटात वर काही ऐकू गेलं नाही. अण्णांनी पहिली बादली उजव्या हातानं उचलून धुराड्यात ओतली.

आवाज फार मोठा झाला नाही. दबका, फट्ट असा. धुराड्यातून पांढरी वाफ उसळली आणि अण्णा त्यात दिसेनासे झाले. मग विटा पडायला लागल्या. टोकापासून माळवदापर्यंत धुराडं उभं चिरलं. अण्णा माळवदावर उताणे पडले होते, हात छातीशी धरून. चाँदचाचा वर गेले नाहीत. ते सरळ शेडमध्ये शिरले, अंगणातली ओली माती दोन्ही हातांनी उपसून त्यांनी जाळाची दोन्ही तोंडं लिंपून टाकली, झडप बंद केली, बोगद्याच्या झाकणावर ओली पोती टाकली. वारा तुटला तशी ज्वाळ खाली बसली. दहा मिनिटांत सगळं विझलं. माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट फिरत होती. हे इतकं सोपं होतं. हा माणूस इथं असता तर हे घडलंच नसतं, आणि हा माणूस इथं आला होता.

अण्णांना खाली आणून ओसरीवर बसवलं. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत वाफेनं सोलून निघाला होता. आई त्यावर ओलं फडकं धरून रडत होती, कुणी टांगा आणायला गेलं होतं. गल्लीतली निम्मी माणसं अंगणात उभी. चाँदचाचा मातीनं भरलेले हात तसेच घेऊन समोर आले.

अण्णा त्यांच्याकडं बघून म्हणाले, "आता आलास व्हय?"

"अण्णा, आधी दवाखाना…"

"त्या गुरुवारी का आला न्हाईस? वाट बघितली तुजी. मानूस धाडला. तू कुटं, तर अक्कलकोटला. मला सांगायचीबी पडली न्हाई तुला?"

चाँदचाचांच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य आलं. मग त्यांची नजर अण्णांवरून निघाली आणि हळूहळू माझ्यापर्यंत येऊन थांबली. मी खांबाला धरून उभी होते. त्यांनी रागानं नाही पाहिलं. नुसतं पाहिलं, बराच वेळ. मी खाली मान घातली.

"बोल की!" अण्णा ओरडले.

"चुकलं, मालक," चाँदचाचा म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी अण्णांना पहिल्यांदा मालक म्हटलं.

"जा मग. परत या दारात पाय ठेवू नगंस."

अण्णांचा हात बरा झाला, म्हणजे जखम भरली. बोटं आखडून वाकडी राहिली आणि तळव्याला काही कळेनासं झालं. गरम, गार, ओलं, कोरडं, काहीच नाही. डाव्या हातानं त्यांनी वर्षभर प्रयत्न केला. किरमिजी कधी तांबूस यायचा, कधी जांभळट. माणसं एकेक करून सूत दुसरीकडं टाकायला लागली. धुराड्याला लोखंडी पट्टे आवळून दुसऱ्या एका गवंड्यानं ते कसंबसं उभं केलं होतं, पण त्यात पुन्हा कधी नीट जाळ झाला नाही. शेवटी कढया विकल्या आणि अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात राखणदार म्हणून लागले. दारावर बसून आत जाणाऱ्या रंगीत सुताच्या गठ्ठ्यांकडं ते बघत राहायचे, असं तिथं काम करणारी एक बाई आईला सांगून गेली.

आणि जो भेटेल त्याला ते चाँदचाचांची गोष्ट सांगायचे. न आलेल्या गवंड्याची. अण्णांच्या शब्दाला वजन होतं. मागवाल्यांनी, भट्टीवाल्यांनी, बेकरीवाल्यांनी चाँदचाचांना धुराड्याच्या कामाला बोलावणं बंद केलं. ते वीटभट्टीवर जायला लागल्याचं कानावर आलं.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. एका दुपारी पत्रिकेवर कुणाकुणाची नावं घालायची हे बोलणं चाललं होतं, आणि मी अण्णांना सगळं सांगून टाकलं. सलग, न थांबता. अण्णा वाकड्या बोटांनी सुपारी सोलायचा प्रयत्न करत होते. ते थांबले.

"चाँद आला हुता?"

"हो."

"आनि तूच त्याला घालवलंस."

"हो."

"मग तो त्या दिवशी बोलला का न्हाई?"

मला वाटलं अण्णा मारतील, आणि मारावं असं मला फार वाटत होतं. पण ते म्हणाले, "तुज्या आईला सांगू नगंस. कुणालाच सांगू नगंस. सगळ्या गावाला मी काय सांगत फिरलो हाय, ठाऊक हाय का तुला? आता कुटल्या तोंडानं त्याच्याकडं जाऊ?" मग सुपारी खाली ठेवून ते उठले. "ऱ्हाऊ दे. आता बोलून काय ह्या हाताला जीव येनार हाय?"

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना मला सगळ्यांत जड जातंय ते हेच. अण्णांनी "ऱ्हाऊ दे" म्हटलं आणि मी ते झेललं, जणू ते क्षमा करणं होतं. त्यांना हाताला धरून मी त्याच दिवशी चाँदचाचांच्या दारात नेऊ शकले असते. ते कदाचित आलेही असते. मी साड्या बघायला गेले.

अण्णा गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी माहेरी आले असताना चाँदचाचांचं घर शोधत गेले. तोवर माझी मुलं शाळेत जात होती. माझ्या मनात इतक्या वर्षांत एक समजूत घट्ट बसली होती, की त्या दिवशी चाँदचाचांनी मला वाचवलं. पोरीची जात, उद्या लग्न व्हायचं, चारचौघांत तिची मान खाली नको, म्हणून त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं. त्यांचे आभार मानायचे, पाया पडायचं, असं ठरवून मी गेले होते.

ते दारात बाजेवर बसले होते. दाढी पांढरी झालेली, डोळ्यांत मोतीबिंदू. मी नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं. त्यांच्या सुनेनं मला स्टूल दिलं. मी सगळं बोलले, आणि शेवटी म्हटलं, "चाचा, तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात. माझी लाज राखलीत."

त्यांनी मान हलवली. "तुज्यासाठी न्हाई, बेटी. मी थांबलो हुतो."

"कशाला?"

"तू बोलशील म्हनून. तुज्याकडं बघितलं की मी. म्हटलं, पोरगी घाबरलीय, आता बोलंल, मग बोलंल. माझ्या तोंडानं सांगितलं असतं तर अण्णाला वाटलं असतं, पोरीवर ढकलतोय. तू बोलायला पायजे हुतं." ते शांतपणे सांगत होते, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं. "दुसऱ्या दिवशी बी गल्लीपर्यंत आलो हुतो. आठ दिवस रोज येत हुतो. कोपऱ्यावरच्या पानपट्टीपाशी उभा राहायचो. वाटायचं, आता अण्णा कुनाला तरी धाडंल."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "अण्णाला कधी सांगितलंस का नंतर?"

त्यांच्या विचारण्यात धास्ती होती, आणि मी इतकी खरं बोलायला निघाले होते की मला ती ओळखू आली नाही. मी म्हटलं, "हो, सांगितलं."

"कधी?"

"माझ्या लग्नाच्या वेळी. दोन वर्षांनी."

चाँदचाचांचे ओठ हलायला लागले, आणि ते वर्षं मोजतायत हे माझ्या ध्यानात आलं. अण्णा त्यानंतर चौदा वर्षं जगले होते, याच गावात, सायकलनं पाऊण तासाच्या अंतरावर.

"म्हंजी त्याला ठाऊक हुतं," ते म्हणाले.

मी काहीतरी बोलायला गेले. अण्णांना तुमच्यासमोर यायची लाज वाटत होती, ते रोज तुमची आठवण काढत, असं काहीबाही. त्यातलं थोडं खरंही होतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. वीटभट्टीवर भाजून काळपट झालेला, राठ हात. इतकी वर्षं ते हेच धरून बसले असणार, की अण्णाची समजूत चुकीची झाली, खरं कळलं असतं तर तो धावत आला असता. तेवढं त्यांच्याजवळ होतं, आणि मी आपलं ओझं उतरवायला म्हणून येऊन ते काढून घेतलं.

"सूनबाई," त्यांनी आत हाक दिली, "पावन्यांना चाय दे." मग भिंतीचा आधार घेऊन ते उठले, चाचपडत आत गेले, आणि दार लोटून घेतलं.

सुनेनं चहा आणला. कपबशी नवी होती, पाहुण्यांसाठी ठेवलेली. मी तो सगळा चहा प्याले. ते बाहेर येतील म्हणून बराच वेळ बसून राहिले. मग ती मुलगी अवघडून म्हणाली, "त्यांना आता झोप लागली असंल," आणि मी उठले.